बँकेला काय सांगायचं, घरी काय सांगायचं

‘हप्ते थकलेत, पण आम्हाला बुडवायचे नाहीत. बँकेत अडचण सांगायला गेलो तर कोणी ऐकूनच घेत नाही. आता काय करायचं?’ हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. सांगता सांगता डोळे भरून येतात, ते बहुतेक वेळा बँकेच्या काउंटरवर झालेल्या अपमानाच्या आठवणीने. पुण्यातल्या धायरीच्या एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे सांगते.

आधी आल्या त्या ताई. त्यांचे पती चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, पगार ५२ हजार. ती नोकरी गेली आणि काही महिन्यांनी नऱ्ह्याला दुसरी मिळाली, ३१ हजारांची. वन बीएचकेचा गृहकर्जाचा हप्ता १९,४००, पर्सनल लोनचा ९,८०० आणि क्रेडिट कार्डावर १ लाख ३८ हजार थकलेले. ताईंना यातलं गृहकर्ज तेवढं माहीत होतं. बाकीचं कळलं ते वसुली एजंटने त्यांच्या भावाला फोन केला तेव्हा. “मॅडम, मला कर्जाचं एवढं नाही वाटलं. हे रोज माझ्यासमोर बसून जेवत होते आणि एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचं वाटलं.”

पुढच्या वेळी दोघं आले. ते गृहस्थ बँकेच्या शाखेत अनेकदा जाऊन आले होते. दर वेळी वेगळ्या टेबलासमोर उभं राहून पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि दर वेळी तेच उत्तर ऐकायचं, “सर, माझ्या हातात काही नाही, केस रिकव्हरीला गेलीय.” झोप उडाली होती, फोन वाजला की हात थरथरायचा. मी त्यांना सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का?” ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “एक-दोनदा आलं मनात.” त्या दिवशी कर्जाचा विषय बाजूला ठेवला. एकटं राहायचं नाही हे ठरवलं, डॉक्टरांची वेळ घेतली आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्याही फोनमध्ये सेव्ह केला. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो. कर्जात अडकलेल्या घरात हा प्रश्न विचारायला कोणी कचरू नये. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, मनात असेल तर बोलायला वाट मिळते.

बँकेला देण्यासाठी त्यांनी चार पानांचं पत्र लिहून आणलं होतं. नोकरी कशी गेली, मुलीची दहावी, आईचं आजारपण, एजंटने सोसायटीच्या वॉचमनसमोर काढलेले शब्द, सगळं त्यात होतं. मी ते बँकेला देऊ दिलं नाही. “हे ताईंना वाचून दाखवा,” म्हटलं. त्यांनी वाचलं. तिसऱ्या पानावर आवाज अडकला, तेव्हा ताईंनी कागद हातात घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं. ज्या सहानुभूतीसाठी ते बँकेच्या पायऱ्या झिजवत होते, ती तिथल्या माणसाला वाटली तरी त्याच्या अधिकारात बसत नव्हती. हप्ता कमी करण्याचा निर्णय शाखेतला कारकून घेतच नाही. निर्णय जिथे होतो तिथे पोचतो तो अर्ज.

मग एका पानाचा अर्ज तयार केला. कर्जखात्याचा नंबर, नोकरी गेल्याची तारीख, आताचा पगार, दरमहा किती भरता येतील, कोणत्या तारखेला, आणि मागणी काय, तर मुदत वाढवून हप्ता कमी करावा. सोबत नोकरी सुटल्याचं पत्र आणि नवी पगारपावती. झेपेल त्याच रकमेचं वचन द्यायचं, यावर मी फार आग्रही असते. घाबरून मोठा आकडा लिहिला आणि दुसऱ्याच महिन्यात चुकला, की पुढचा अर्ज कोणी गांभीर्याने घेत नाही. अर्ज शाखेत देऊन प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली, तोच ईमेलनेही पाठवला. फोनवर काही बोलणं झालं की संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल, ‘आज आपलं असं बोलणं झालं’.

खरी गडबड वेगळीच निघाली. हे गृहस्थ जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे देत होते. कार्डाचे एजंट दिवसभर फोन करत, म्हणून हातात येईल ते कार्डात जात होतं. गृहकर्जाचे नुसते मेसेज येत, म्हणून ते दोन महिने थकलं होतं. हे फार घरांत होतं आणि फार महागात पडतं. हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी अनुत्पादक कर्ज, होतं. त्यानंतर घर तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण घर ताब्यात घेऊन विकण्याची मुभा बँकेला देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. पर्सनल लोन आणि कार्डाला घर तारण नसतं, त्यामुळे त्यांना या कायद्याने घरावर येता येत नाही. पहिला हप्ता घराचा, हे त्या दिवशी ठरलं. हप्ते भरायला मोबाइल अ‍ॅपवरून आणखी कर्ज काढायचं नाही, हेही ठरलं. पगार कार्डाच्याच बँकेत जमा होत होता आणि बँक त्यातून परस्पर वळती करून घेत होती. तो दुसऱ्या बँकेत नेला.

एजंट म्हणाला होता, “पोलीस घेऊन येतो.” हप्ता थकणं हा गुन्हा नाही, ते दिवाणी प्रकरण आहे. मात्र दिलेला चेक किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला, तर फौजदारी तक्रार होऊ शकते. म्हणून धमकीला घाबरायचं नाही आणि न्यायालयाचा समन्स आला तर कपाटातही ठेवायचा नाही. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, पात्र व्यक्तींना तिथे मोफत मदत मिळते.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकावायचं नाही, नातेवाइकांत आणि मित्रांत बदनामी करायची नाही. एजंट बाहेरच्या कंपनीचा असला तरी जबाबदारी बँकेची. ताईंनी एका वहीत फोनची तारीख, वेळ, नंबर आणि शब्द लिहायला सुरुवात केली. त्या नोंदींसह बँकेच्या तक्रार विभागाला तक्रार गेली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. लोकपाल छळाची, चुकीच्या आकारणीची दखल घेतो. ‘माझा हप्ता कमी करा’ असा हुकूम तो बँकेला देत नाही, ही अपेक्षा ठेवून गेलेली माणसं निराश होऊन परत येतात. या घराला तिथपर्यंत जावं लागलं नाही. लेखी तक्रारीनंतर भावाला आणि सोसायटीत जाणारे फोन थांबले.

पर्सनल लोनचा पहिला अर्ज नामंजूर झाला. दुसऱ्यात ताईंच्या पोळीभाजीच्या डब्यांचं सात-आठ हजारांचं उत्पन्नही दाखवलं. मुदत वाढून हप्ता साडेसहा हजारांच्या आसपास आला. एकूण व्याज वाढलं आणि सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत, पुनर्रचनेची नोंद लागली, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. गृहकर्जाचीही मुदत वाढली.

कार्डाचं अजून मिटायचंय. मध्यंतरी फोन आला, “आज ७० हजार भरा, सगळं सेटल करून टाकू.” असं सेटलमेंट झालं की सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं. तरी काही घरांना तोच मार्ग परवडतो. पण बँकेचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरायचा नाही आणि भरल्यावर नो ड्यूजचा, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा, दाखला घ्यायचा. तो फोन ताईंनीच घेतला होता. “लेटरहेडवर रक्कम आणि तारीख लिहून पाठवा, मग आम्ही दोघं बसून बघतो,” असं त्यांनी सांगितलं. पत्र अजून आलेलं नाही.