जुन्या निवासी इमारतीच्या कामाला हात घालण्यापूर्वी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचे आराखडे मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाडे नांदलेली एक जुनी इमारत जपून तिच्यात आजच्या कुटुंबांची सोय लावायचे काम तुझ्याकडे आले, याचा मला मनापासून आनंद आहे. आराखडे नेटके आहेत. लिफ्ट कुठे बसणार, न्हाणीघरे कुठे येणार, कोणती भिंत निघणार, हे सारे त्यांत ठरून गेले आहे. मात्र तळमजल्याच्या भिंतींत ओल कुठून येते, याचा त्यांत कुठेच पत्ता नाही. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

प्रत्येक जुन्या इमारतीची एक रीत असते. पाणी कोणत्या वाटेने उतरते, भार कोणत्या भिंतीवरून जमिनीत जातो, हवा कुठून येते आणि कुठून जाते, हे तिच्या बांधणाऱ्यांनी ठरवलेले असते. ही रीत समजेपर्यंत नवे काही आखू नये आणि समजल्यावर नवे जे काही आणायचे ते शक्य तितके जुन्या वाटांनीच न्यावे, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात ओलीपासून कर. वीट आणि चुना यांची भिंत पाणी शोषते आणि हवा कोरडी झाली की ते सोडूनही देते. ही देवघेव चालू असते तोवर भिंत टिकते. जोसेफ ॲस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे पेटंट 1824 मध्ये घेतले आणि पुढे सिमेंट सगळीकडे सहज मिळू लागले, तसे जुन्या भिंतींच्या दुरुस्तीतही ते सर्रास वापरले गेले. वरून मजबूत दिसणारा हा सिमेंटचा गिलावा भिंतीतले पाणी आत कोंडतो. कोंडलेले पाणी गिलाव्याच्या वरच्या कडेपर्यंत चढते, त्यातले क्षार विटेच्या पृष्ठभागामागे स्फटिकरूप घेतात आणि विटेचा चेहराच फोडून काढतात. अशा भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा छिन्नीने हलकेच उचललास, तर तो अखंड पापुद्र्यासारखा सुटून येईल आणि त्याच्या पाठीला विटेचा लालसर थर चिकटलेला दिसेल. मागे राहिलेली वीट नखाने खरवडली तरी तिची भुकटी होते. दरजांचेही, म्हणजे विटांमधल्या सांध्यांचेही, तेच आहे: दरजेतला मसाला विटेपेक्षा मऊच असला पाहिजे, म्हणजे ताण आणि ओल मसाल्यातून बाहेर पडतात. मसाला झिजला तर तो पुन्हा भरता येतो, वीट गेली की भिंतच गेली.

म्हणून सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करायचा, हे खरे. पण त्याआधी पाणी कुठून येते ते शोध. तुंबलेली पन्हाळ, फुटका उतरता नळ, भिंतीलगत भर घालून उंचावलेली जमीन, आतल्या नळाची जुनी गळती, यांतले काही ना काही बहुतेक वेळा सापडतेच. जमिनीतून चढणारी ओल म्हणून महागडी रसायने भिंतीत भरण्याची घाई मी अनेकदा पाहिली आहे आणि त्यातला बराच खर्च एक पन्हाळ साफ केल्याने वाचला असता. चुन्याच्या कामाला वेळ द्यावा लागतो, हेही ठेकेदाराला आधीच सांग. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. थर पातळ हवेत, प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेवावा लागतो आणि कडक ऊन किंवा गोठवणारी थंडी यांपासून त्याला जपावे लागते. वेळापत्रकात हे दिवस धरले नाहीत, तर काम सुरू झाल्यावर कोणीतरी गुपचूप त्यात सिमेंट मिसळेल.

लाकडी तुळया असतील तर त्यांची टोके पाहा, मधला भाग नव्हे. भिंतीत गाडलेले टोक आधी कुजते, कारण ओल तिथे सर्वांत जास्त वेळ राहते. लाकडातली आर्द्रता 20 टक्क्यांच्या वर सतत राहू लागली की बुरशीला वाव मिळतो. साध्या मीटरने ती मोजता येते. टोक गेले म्हणून सबंध तुळई बदलू नकोस. कुजका भाग कापून तिथे त्याच जातीच्या लाकडाचा जोड देता येतो किंवा शेजारी पोलादी आधार लावता येतो. काँक्रीटच्या भागांत वेगळी तपासणी हवी. ताज्या फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन हे अल्कता दाखवणारे रसायन शिंपडले की निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होते आणि ज्याची अल्कता गेली आहे ते रंगहीन राहते. रंगहीन थर सळईपर्यंत पोचला असेल तर तिथे गंजाला वाट मोकळी झाली आहे, असे समज. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि वरचे काँक्रीट फोडून टाकतो. अशा ठिकाणी नुसता लेप देऊन भागत नाही. भेगांवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून तारीख लिहून ठेव. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. निदान सगळे ऋतू पाहिल्याशिवाय भेगेबद्दल निकाल देऊ नये.

आता सोयींकडे येते. तुझ्या आराखड्यात दुसऱ्या मजल्यावरचे न्हाणीघर खालच्या झोपण्याच्या खोलीवर आले आहे. ओल्या खोल्या एकावर एक ठेव, सगळे उभे नळ एकाच बोगद्यातून ने आणि त्या बोगद्याला दुरुस्तीसाठी दार दे. नाहीतर नळांच्या उतारासाठी तुळयांना खाचा पडतील. बंद पडलेल्या धुराड्यांच्या पोकळ्या असतील तर त्यांतून वायुवीजनाच्या नळ्या आणि तारा नेता येतात का, ते आधी पाहा. मॉस्कोतली नार्कोमफिन ही निवासी इमारत वास्तुविशारद मोइसेई गिन्झबर्ग यांनी इग्नाती मिलिनिस यांच्यासह 1928 ते 1930 या काळात उभी केली आणि मोइसेई यांचे नातू अलेक्सेई गिन्झबर्ग यांनी तिचा जीर्णोद्धार 2020 मध्ये पूर्ण केला. ती मुळात खांबांवर उचललेली होती. नंतरच्या काळात तळमजला भिंतींनी बुजवला गेला होता. जीर्णोद्धारात तो पुन्हा मोकळा झाला आणि वरच्या मजल्यांवरची छोटी घरे घरे म्हणूनच राहिली. नंतर घुसडलेले काढले की मूळ रचनेचा शहाणपणा कसा उघडा पडतो, हे त्या कामात दिसते.

खिडक्या मात्र बदलू नकोस, दुरुस्त कर. जुन्या चौकटींचे लाकूड बहुधा दाट आणि टिकाऊ असते. आवाज आणि थंडी अडवायची असेल तर आतल्या बाजूने दुसरे तावदान बसव आणि दोन्हींत 100 मिलिमीटर किंवा अधिक अंतर ठेव. पण सगळ्या फटी बंद केल्यावर स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ कुठे जाणार, याची सोय त्याच दिवशी व्हायला हवी. ती नसली की पहिल्याच हिवाळ्यात कोपऱ्यांत बुरशी धरते. थंड प्रदेशात भिंतीला आतून उष्णतारोधक थर लावतानाही हाच विचार कर, कारण थरामागची वीट थंड पडते आणि वाफ तिथेच पाणी होऊन बसते. आगीबद्दल एवढेच सांगते की एकच लाकडी जिना असलेल्या इमारतीत घरांची दारे, मजल्यांमधल्या पोकळ्या आणि नळांभोवतीच्या फटी आग अडवतील अशा करणे, हे काम रंगरंगोटीच्या आधी येते.

किती बदलावे, हा तुझा शेवटचा प्रश्न. 1964 च्या व्हेनिस सनदेचे, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्याचे, नववे कलम सांगते की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनःस्थापन थांबले पाहिजे. त्याच सनदेचे पाचवे कलम इमारतीचा समाजोपयोगी वापर जतनाला पोषक मानते. दोन्ही एकत्र वाच. हरवलेल्या कठड्याची नक्षी छायाचित्रात दिसत नसेल तर ती रचू नकोस, साधा कठडा कर. पण म्हातारीला तिसऱ्या मजल्यावर जाता यावे म्हणून लिफ्ट लागत असेल तर ती लाव, आणि जिन्याचा गाभा न कापता मागच्या अंगणाच्या बाजूने लावता येते का, ते आधी तपास.

राहत्या लोकांना विचारायचे राहून गेलेले दिसते. फ्रान्समधल्या बोर्दोच्या ग्राँ पार्क वसाहतीत आन लाकातों आणि फिलिप वासाल या वास्तुविशारदांनी सहकाऱ्यांसह 1960 च्या दशकातल्या तीन इमारतींमधली 530 घरे सुधारली, ती रहिवाशांना घराबाहेर न काढता. तिथे दर्शनी बाजू सबंध बदलली. तुझ्या इमारतीच्या दर्शनी बाजूला ते चालणार नाही. पण कामाचा क्रम रहिवाशांच्या दिनक्रमाशी बांधायची त्यांची पद्धत तू जरूर घे. कोणत्या खोलीत पावसाळ्यात बादली ठेवावी लागते आणि रात्री वरचे पाऊल कुठे ऐकू येते, हे मोजमापाच्या कागदावर कधीच नसते. ते तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक असते.

तर आता आराखडे बाजूला ठेव. ओलीचा आणि भेगांचा नकाशा मजलावार काढ, त्यावर तारखा घाल, रहिवाशांचे म्हणणे शेजारी लिही आणि रचना अभियंत्याशी पहिली बैठक होण्याआधी तो मला पाठव. लिफ्टच्या जागेचे आपण त्यानंतर बोलू.

कळावे, लोभ असावा.