सामान्य माणसासाठी कायदा लिहिणारे लॉर्ड सेंट लिओनार्ड्स

एकोणिसाव्या शतकात एखाद्या नामवंत वकिलाने सामान्य माणसासाठी कायद्याची पुस्तके लिहिली होती का, आणि ती वाचून वकिलावाचून काम भागत असे का, असे आपण विचारले आहे. यासाठी एडवर्ड सग्डेन यांचे लेखन आवर्जून पाहावे. लंडनमधील एका केशकर्तनकाराचे हे चिरंजीव १८०७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि १८५२ मध्ये लॉर्ड सेंट लिओनार्ड्स या नावाने लॉर्ड चॅन्सेलरच्या, म्हणजे इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेच्या प्रमुखाच्या, पदावर बसले.

त्यांचे ‘हँडी बुक ऑन प्रॉपर्टी लॉ’ १८५८ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीची खरेदी-विक्री, गहाण, भाडेपट्टा, विश्वस्तांची जबाबदारी असे विषय त्यांनी पत्रांच्या रूपाने उलगडले. त्यातले मृत्युपत्राचे विवेचन मला सर्वांत मोलाचे वाटते. छापील नमुने वापरू नका, गावच्या शाळामास्तरांवर विसंबू नका, असे ते बजावतात. कारण हयातीत चार गिन्या (गिनी हे जुने इंग्रजी नाणे) वाचवल्या, तरी पुढे त्या कागदाचा अर्थ लावून घेण्यासाठी न्यायालयात शेकडो गिन्या मोजाव्या लागतात. म्हणजे आपल्या दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी स्वतःच नकारार्थी उत्तर दिले आहे. १८३७ च्या कायद्यानुसार सही मृत्युपत्राच्या शेवटी हवी होती, आणि न्यायालये हा नियम इतक्या काटेकोरपणे लावत की मजकूर व सही यांच्यामध्ये कोरी जागा राहिली एवढ्यावरूनही मृत्युपत्रे बाद ठरत. हा दोष दूर करणारा १८५२ चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१८७५ मध्ये ते निवर्तले, तेव्हा मृत्युपत्राच्या पुरवण्या पेटीत मिळाल्या, मूळ मृत्युपत्र मात्र मिळाले नाही. करणाऱ्याच्याच ताब्यात असलेले मृत्युपत्र सापडले नाही, तर त्यानेच ते रद्द करण्यासाठी नष्ट केले असे कायदा सामान्यतः गृहीत धरतो. येथे मात्र वडिलांचे लेखनकाम सांभाळणाऱ्या शार्लट या त्यांच्या कन्येने मजकूर आठवणीतून सांगितला, आणि १८७६ मध्ये अपील न्यायालयाने तिची साक्ष ग्राह्य धरली.

आपल्याकडेही १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २३८ नुसार, मूळ मृत्युपत्र हरवले असेल आणि नक्कल वा मसुदाही उरला नसेल, तरी मजकूर पुराव्याने सिद्ध करून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळवता येते.