अ‍ॅडाच्या तोंडी आपलं वाक्य नको

प्रिय मुली,

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरातल्या तुझ्या अ‍ॅडा ब्लॅकजॅकवरच्या एकपात्रीचा शेवट सरांनी बदलला, हे कळलं. म्हणे अ‍ॅडाने मोहिमेतल्या सोबत्याचा, मरणाऱ्या नाइटचा हात धरून माफी मागायची, म्हणजे प्रेक्षक रडतील. तू गोंधळलीस. मी चिडलेच.

अलास्काची अ‍ॅडा १९२१ साली चार पुरुषांच्या मोहिमेबरोबर सायबेरियाच्या उत्तरेला रँगल बेटावर गेली ती शिवणकामासाठी. घरी क्षयाने आजारी पोरगा, त्याच्या औषधपाण्याला पैसे हवे होते. जानेवारी १९२३ मध्ये चौघांतले तिघे मदत आणायला बर्फावरून निघाले, ते परतलेच नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या नाइटचं सगळं तिच्यावर पडलं. सापळे लावायला ती तिथेच शिकली. जूनमध्ये तो गेला. ऑगस्टमध्ये जहाज आलं तेव्हा ती आणि एक मांजर, एवढीच उरली होती. आणि सुटकेला आलेल्या हॅरॉल्ड नॉइसनेच पुढे पेपरात आरोप केला, की हिने नाइटची हेळसांड केली! नाइटचे आईवडील तिला भेटले आणि तिच्या बाजूने उभे राहिले, पण तोवर बोभाटा झाला होता.

तिची डायरी आहे ना? नाइट तिला घालूनपाडून बोलायचा. लाकडं, शिकार, त्याचं अंथरूण, चार पुरुषांचं काम एका बाईला किती जड जातं याचा तो विचारच करत नाही, असं तिने लिहून ठेवलंय. ती माफी मागेल? कशाची? ती जे बोलली नाही ते तिच्या तोंडी घालायचं नाही.

पूर्व भागातल्या एका विडी कामगार बाईंवर मी लिहिलं होतं. मांडीवर सूप, हात चालू, आणि बोलणं एकाच गोष्टीचं: चांगल्या विड्याही छाट म्हणून बाजूला काढतात, मजुरी बुडते. संपादकाने ते कापलं आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आणलं. अंक दाखवला तर त्या म्हणाल्या, "मी कवा रडले?" ते अजून सलतं. तेव्हापासून छापायचा मजकूर बघितल्याशिवाय मी लेख देत नाही. कामं गेली त्यापायी. हेकट म्हणतात, म्हणू देत. माझंच बरोबर होतं.

तुझा आवाज चांगला आहे गं, पण "सर म्हणतात" म्हटलं की तू लगेच मान डोलावतेस, ते मला खपत नाही. ती जे बोलली नाही ते तिच्या तोंडी नको, एवढं सरांना सांग. जमत नसेल तर रविवारी मी तालमीला येते. डायरीतली नोंद कागदावर उतरवून आण, बाकी मी बोलते.

तुझी,
काकू