घरी सगळं येतं, मग पेपरात का सुचत नाही?

"मॅडम, घरी सगळी गणितं सोडवते, वही भरलेली आहे. पेपरात मात्र अर्धे प्रश्न कोरे. गणिताची भीती बसलीय का?" दहावीतल्या मुलीच्या आईचा हा प्रश्न. सहामाहीचे पेपर हातात पडले की बरेच पालक हेच विचारायला येतात.

वही खरंच सुरेख होती. गृहपाठ करताना शेजारी काय असतं, असं मुलीला विचारलं. "गाईड. अडलं की बघते, बघितलं की कळतं." यात आळस नाही, लबाडीही नाही. आपल्याला येतंय असं तिला मनापासून वाटतं. पण लिहिलेली पायरी पटणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर ती सुचणं वेगळं. भीती त्यानंतर येते, पेपरात हात अडला की.

मी दोन समीकरणं दिली: क्ष + य = ३ आणि ३क्ष − २य = ४. तिने य = ३ − क्ष बरोबर मांडलं. पुढे कंस सोडवताना ३क्ष − ६ − २क्ष = ४ लिहिलं आणि क्ष = १०, य = −७ काढून पेन खाली ठेवलं. म्हटलं, किमती घालून बघ. ३० + १४ = ४४! चार यायला हवे होते. ती आपणहून मागे गेली, −२ गुणिले −क्ष पाशी थांबली, चिन्ह बदललं. क्ष = २, य = १.

मग पेपरातलं सांख्यिकीचं गणित काढलं. वर्ग ०–१० ते ४०–५०, वारंवारता (त्या वर्गात किती मापं) ८, १०, ६, ४, २. गृहीतमध्य, म्हणजे हिशेबापुरती मानलेली सरासरी, ३५ धरून मध्य (खरी सरासरी) काढला होता ५२.३३. सगळी मापं पन्नासच्या आत असताना मध्य बावन्न कसा येईल? ऋण विचलनांची, म्हणजे ३५ पेक्षा कमी असलेल्या फरकांची, उणे चिन्हं गळली होती. खरं उत्तर १९. तीसपैकी अठरा मापं विसाच्या खाली आहेत, एवढं आधी पाहिलं असतं तरी शंका आली असती.

"मला बीजगणित येत नाही हो, मी काय मदत करणार?" आईने विचारलं. म्हटलं, गाईड तुमच्या ताब्यात ठेवा. तिचं उत्तर लिहून झालं आणि तिने पडताळा घेतला, की मगच द्या. अडली तर जिथवर आलंय तिथवर लिहू दे. बोर्डात पायऱ्यांनाही गुण असतात.

पुढच्या चाचणीत गुण थोडेच वाढले. पण एकही प्रश्न कोरा नव्हता.