विचारा बिनधास्त : नसलेल्या शहरांचे पत्ते

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती, की लहानपणी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर मी एक शहर वसवलं होतं आणि अजूनही झोप लागत नसली की तिथे एक चक्कर मारून येतो. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्यातच गेला. चार घेतलीयेत, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : चाळिशी उलटली माझी. दहाव्या वर्षापासून डोक्यात एक शहर आहे. मधे नदी, तिच्यावर पांढरा पूल, पूल उतरलं की पायऱ्यांवरचा बाजार. कुठे वळलं की काय लागतं ते पाठ आहे मला. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला डॉक्टरांना दाखवू. दाखवू का?

उत्तर : तेवढ्यासाठी तरी नको. तुम्ही एकट्या नाही आहात आणि संगत तर एकदम भारी आहे. १८२६ मधे इंग्लंडमधल्या ब्राँटे भावंडांच्या (यातल्या तिघी बहिणी पुढे नावाजलेल्या कादंबरीकार झाल्या) वडिलांनी घरी खेळण्यातले बारा सैनिक आणले, पोरांनी त्यांच्यासाठी ग्लास टाउन नावाचं शहर रचलं, मग त्या शहराची मासिकं काढली, ती पण सैनिकांच्या मापाची, काडेपेटीएवढी, हाताने शिवलेली, अक्षर असं की भिंग घेऊन बसावं. पुढे एमिली आणि ॲन या दोघी बहिणींनी गोंडाल नावाचं स्वतःचं वेगळं राज्य काढलं. बरं, हे पोरवयात संपलं का, तर नाही. १८४५ मधे दोघी यॉर्कला गेल्या, एमिली तेव्हा सव्वीस वर्षांची, आणि अख्खा प्रवास त्या गोंडालमधली पात्रं होऊन वावरल्या, हे एमिलीनेच लिहून ठेवलंय. असल्या वर्षानुवर्षं जपलेल्या जगाला पॅराकॉझम म्हणतात, हा शब्द १९७६ चा आहे, म्हणजे भानगड जुनी, नाव नवीन.

आता ते 'वळणं पाठ आहेत' म्हणताय ना, मला त्यात जास्त इंटरेस्ट आहे. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून एक भाग असतो, खऱ्या रस्त्यांचा हिशोब ठेवण्यात त्याचा मोठा हात. २००७ मधे लंडनच्या संशोधकांनी हा भाग खराब झालेल्या पाच जणांना सांगितलं की समजा तुम्ही पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर पडलाय, काय काय दिसतंय सांगा. बहुतेकांना तुकडे सुचले, आकाश सुचलं, वाळू सुचली, पण ते सगळं मिळून एक जागा काही होईना. म्हणजे बघा, आठवायला आणि रचायला बऱ्याच अंशी एकच कारागीर कामाला असतो, मग तुमचा पांढरा पूल तुमच्या ऑफिसच्या जिन्याइतका ओळखीचा वाटला तर त्यात नवल ते काय.

फक्त एक. त्या शहरापायी रोजची कामं अडायला लागली, जिवंत माणसं नकोशी झाली, परत यावंसंच वाटेना, तर मात्र नवऱ्याचं ऐका. त्यालाही नाव आहे, मॅलॅडॅप्टिव्ह डेड्रीमिंग, म्हणजे जगण्याच्या आड येणारी दिवास्वप्नं, २००२ पासून त्यावर अभ्यास होतोय. पत्रावरून तुमचं तसं काही वाटत नाही.

प्रश्न : ज्या शहराची वीस वर्षं स्वप्नं बघितली तिथे शेवटी जाऊन आलो. ठीक होतं. पण आल्यापासून डोक्यातलं शहर उभंच राहत नाहीये. कुणाला सांगितलं तर हसतात.

उत्तर : मी नाही हसणार. आफ्रिकेत सहाराच्या कडेला असलेल्या टिंबक्टूचं ऐका. सोन्याचं शहर अशी त्याची युरोपात ख्याती, पॅरिसच्या भूगोल मंडळाने तर तिथे जाऊन परत येणाऱ्याला दहा हजार फ्रँकचं बक्षीस लावलेलं. रेने काइये हा फ्रेंच माणूस मुसलमान प्रवाशाच्या वेषात, मधे महिनोन्महिने आजारी पडून, १८२८ मधे पोचला एकदाचा, आणि बघतो तर मातीची घरं, चहूकडे वाळू आणि शांतता. आला, बक्षीस घेतलं, जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. आणि तरी टिंबक्टू म्हटलं की आजही लोकांना 'लांब, कुठेतरी, जगाच्या टोकाला' असंच वाटतं. एका माणसाच्या बघण्याने असली शहरं पुसली जात नाहीत हो. अद्वैत वेदान्ताचे जुने आचार्य गौडपाद, त्यांनी तर अख्ख्या जगालाच स्वप्न, माया आणि गंधर्वनगर यांच्या रांगेत बसवलंय, गंधर्वनगर म्हणजे आकाशात दिसणारं, नसलेलं शहर, त्या हिशोबाने तुम्ही गेलात तेही तसलंच!

माझा अनुभव सांगतो. वर्षभराने तुमचं शहर परत येईल, पण चौकातून नाही, जिथे तुम्ही वेळ नव्हता म्हणून वळला नाहीत ना, त्या गल्लीतून येईल. फोटो मात्र सारखे बघू नका, ते फार ठामपणे सांगतात की इथे हेच होतं.

प्रश्न : समुद्रात बुडालेलं म्हणतात ते अटलांटिस खरंच होतं का? भाऊ रोज व्हिडिओ पाठवतो, घरात भांडणं होतायत.

उत्तर : नव्हतं, निदान तसा काहीही पुरावा नाही. सगळं ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या दोन संवादांतून आलंय, इसवी सनाआधी चौथ्या शतकातले. त्यात शहराभोवती पाणी आणि जमिनीची एकात एक कडी, कुठलं कडं किती रुंद त्याची मापंसुद्धा, आणि मापं दिली की माणूस खोटं बोलत नसेल असं आपल्याला उगाच वाटतं. पण खरी गंमत शेवटाला आहे. देवांचा राजा झ्यूस सगळ्या देवांना गोळा करतो, 'आणि तो म्हणाला', इथेच मजकूर तुटतो. पुढे काहीच नाही. बाकीची भर मग नंतरच्यांनी घातली, १८८२ मधे डोनेली नावाच्या अमेरिकन राजकारण्याने तर जगातली सगळी संस्कृती तिथूनच आली म्हणून पुस्तक लिहिलं आणि ते धो धो खपलं. प्लेटोने वाक्य पुरं केलं असतं तर तुमचा भाऊ आज वेगळे व्हिडिओ पाठवत असता असं माझं मत आहे.

प्रश्न : कादंबरीसाठी शहर रचतोय. तीन वर्षं नकाशा काढतोय, गटारांच्या लाइन्ससकट. पण जीवच येत नाही त्यात.

उत्तर : गटारं?! दादा, थांबा आता.

इंग्रज लेखक थॉमस मोरने १५१६ मधे 'यूटोपिया' या पुस्तकातल्या काल्पनिक बेटावर चोपन्न शहरं वसवली आणि वर सांगून टाकलं की एक बघितलं की सगळी बघितली. त्या पुस्तकातले विचार लोकांना आठवतात, पण त्यातल्या एखाद्या रस्त्याची ओढ लागलेला माणूस मला अजून भेटायचाय. आता मेघदूत घ्या. यक्ष ढगाला अलकानगरीतल्या आपल्या घराचा पत्ता देतो तो कसा, कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेला, इंद्रधनुष्यासारखं तोरण लांबूनच दिसेल, जवळ मंदाराचं लहानसं झाड, बायकोने पोरासारखं वाढवलेलं, फुलांनी इतकं वाकलंय की हाताला लागतं, आणि दाराच्या बाजूला शंख नि पद्म काढलेत. झालं. आपण कुणीही तिथे गेलेलो नाही आणि तरी ते दार ओळखू, कारण पत्ता सांगणाऱ्याला तिथे जायचंय आणि जाता येत नाहीये. तुमच्या नकाशात सगळं आहे, पण घरी जायची घाई असलेला एकही माणूस नाही.

माझ्या वहीतल्या शहरात एक रस्ता पानाच्या कडेला जाऊन थांबतो. पुढचं पान फाटलेलं होतं म्हणून, दुसरं काही कारण नाही. आणि मी चक्कर मारायला जातो तो नेमका त्याच रस्त्याने.

तर नकाशाची घडी घाला, कपाटात टाका, आणि पहिल्याच पानावर एखाद्याला रात्री उशिरा पत्ता विचारत फिरवा. पहिलं प्रकरण झालं की पाठवा, वाचतो. नकाशा नका पाठवू.