'एक्स्ट्रूजन' लिहून आलं म्हणजे ऑपरेशनच का?

भाऊ, बाबांच्या एमआरआयवर 'एल५-एस१ डिस्क एक्स्ट्रूजन' (कमरेतल्या सगळ्यात खालच्या गादीचा त्रास) आलं, ऑपरेशन लगेच करायचं का, असं तुम्ही विचारलं. चार वर्षांपूर्वी माझ्याही रिपोर्टवर हेच होतं. सोयाबीनची फवारणी चालू होती. १६ लिटरचा भरलेला पंप पाठीवर घ्यायला वाकलो अन् कमरेपासून पोटरीपर्यंत करंटच गेला. धुऱ्यावरच बसलो.

गावात म्हणतात तसा यात मणका सरकत नाही. दोन मणक्यांमधल्या गादीला, म्हणजे डिस्कला, बाहेरून चिवट कडं असतं, आत मऊ गर. गादी नुसती फुगली तर बल्ज, कडं फाटून गर बाहेर आला तर एक्स्ट्रूजन. तो नसेवर टेकतो, म्हणून कमरेपेक्षा पायच जास्त ठणकतो. पण गंमत पहा, बाहेर आलेला हा गर शरीराला परका वाटतो आणि आपल्याच पेशी त्याला हळूहळू खाऊन टाकतात. त्यामुळे नुसत्या बल्जपेक्षा एक्स्ट्रूजन आपोआप आटायची शक्यता जास्त! बहुतेकांचं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत उतरतं.

माझे पहिले दहा दिवस वाईट गेले. कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन तेवढी झोप लागायची. आईनं तर लाथ मारायला पायाळू माणूसही शोधून ठेवला होता. मी हात जोडले. फाटलेल्या गादीवर लाथ अन् चोळणं, दोन्ही नको. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांवर पडून राहू नका म्हणाले. मग रोज थोडं थोडं चालायचो. पायातली कळ वर सरकत कमरेत आली, ते चांगलं लक्षण असतं. दीड महिन्यात पाय मोकळा झाला. पंप मात्र तेव्हापासून धाकट्याकडे.

आता रिपोर्ट बाजूला ठेवा आणि पाय पहा. बाबांना भिंतीला हात टेकवून एका पायाच्या चवड्यावर उभं राहून दहा वेळा टाच उचलायला सांगा, मग दुसऱ्या. दुखऱ्या पायाची टाच उचलतच नसेल, ताकद रोज कमी होत असेल, तर ऑपरेशन टाळू नका. सहा आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, तरी ऑपरेशनचा विचार करा. त्यात नसेवरचा तुकडा काढतात. पायाचं दुखणं सुटतं, कंबरेची हमी नाही.

आणि लघवी अडली, नकळत झाली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. त्याच रात्री गाडी करून सेवाग्रामचं नाहीतर नागपूरचं मोठं हॉस्पिटल गाठा.