पदराचा स्पर्शही सोसवत नाही

प्रश्न : माझ्या ७१ वर्षांच्या सासूबाईंना पाच महिन्यांपूर्वी छातीच्या उजव्या बाजूला नागीण झाली होती. खपल्या कधीच पडल्या. पण अजूनही पदर घासला किंवा ओटीवर बसल्यावर समुद्राचा वारा लागला, तरी त्या कळवळतात. ‘तिथे बधिर वाटते आणि आगही होते’ असे त्या सांगतात. घरातली मंडळी याला मनाचे खेळ म्हणतात. हे दुखणे मोजता येते का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : हे दुखणे खरे आहे, आणि घरातल्यांना तसे स्पष्ट सांगावे. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि नागीण होऊन उठतो, तेव्हा त्या तंतूलाच इजा करतो. म्हणून कातडी भरून आली तरी तीन महिन्यांपलीकडेही वेदना उरू शकते. एरवी न दुखणाऱ्या स्पर्शाने दुखणे याला ‘अ‍ॅलोडिनिया’ म्हणतात, तर टोचण्यासारख्या मुळातच दुखणाऱ्या गोष्टीने प्रमाणाबाहेर दुखणे म्हणजे ‘हायपरअल्जेसिया’. पदर आणि वारा पहिल्या प्रकारात येतात. बधिरपणा आणि आग एकाच जागी असणे ऐकणाऱ्याला विसंगत वाटते, पण तंतूला इजा झाल्याची ती नेहमीची खूण आहे. सासूबाईंचे वर्णन अगदी चोख आहे.

वेदना थेट दाखवणारे यंत्र नाही. म्हणून डॉक्टर स्पर्श ठरावीक ठेवतात आणि उत्तर रुग्णाकडून घेतात. आधी डाव्या बाजूला, त्याच बरगडीवर, कापसाचा बोळा हलकेच फिरवतात, मग उजवीकडे, आणि दर वेळी शून्य ते दहामध्ये आकडा विचारतात. बोथट टाचणीनेही तसेच करतात. नंतर निरोगी कातडीकडून आत सरकत, दुखू लागते तिथे पेनाने ठिपके देतात. ठिपके जोडले की दुखऱ्या भागाची सीमा कातडीवरच उमटते, आणि पुढच्या भेटीत ती आक्रसली की पसरली, हे ताडून पाहता येते. ठरावीक दाबाला वाकणारे केसासारखे बारीक धागे आणि तापमान बदलणारी उपकरणे वापरून याहून बारीक मोजमाप होते. जर्मनीतील संशोधकांनी २००६ मध्ये त्याची १३ मापांची पद्धत प्रसिद्ध केली. सासूबाईंसाठी मात्र कापूस आणि टाचणी पुरेशी आहे असे मला वाटते.

गॅबापेंटिनसारखी औषधे उपयोगी पडतात, पण या वयात मूत्रपिंडाची तपासणी करूनच मात्रा ठरवावी लागते, कारण मूत्रपिंड मंदावले असेल तर औषध अंगात साठते आणि चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. तपासणीला नेताना पुढून उघडणारे सैल, सुती पोलके घालावे आणि आकडा त्यांनाच सांगू द्यावा.